आधी नोंदणी क्रमांक, मग विश्वास

पैशाचा सल्ला कोणाकडून घ्यावा हा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डिग्र्या काय चाटायच्यात? माणूस ओळखीचा पाहिजे." लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेनंतर, निवृत्तीच्या निरोप समारंभात हे वाक्य ठासून सांगितलं जातं आणि भोवतालचे माना डोलावतात. मला या वाक्याची चीड आहे. ते बेफिकिरीचं वाक्य आहे आणि त्याची किंमत बोलणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते. ती मोजतात निवृत्तीचा फंड एकरकमी हातात आलेले एसटीचे वाहक, आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षिका, नवऱ्यामागं विम्याचे पैसे घेऊन एकट्या पडलेल्या बायका.

मी समोरच्या बाजूवर अन्याय करतो आहे असं कोणी म्हणू नये, म्हणून तिचं म्हणणं आधी पुरतं मांडतो. पात्रता, परीक्षा, नोंदणी हे शहरी श्रीमंतांचे सोपस्कार आहेत. आपला माणूस आपल्याला फसवत नाही. परीक्षा पास होऊन बाजार कळत नसतो, पंचवीस वर्षं लाइनीत काढावी लागतात. ओळखीचा माणूस फुकट मदत करतो, नोंदणीवाला फी मागतो. बँकेत जे सांगतात ते बँकेच्या जबाबदारीवर सांगतात. उरलंसुरलं हल्ली यूट्यूबवर मिळतं. आणि शेवटचा हुकमी मुद्दा : डिग्रीवाले काय कमी फसवतात? असे हे सहा मुद्दे आहेत. ते एकेक तपासले की त्यातला एकही उभा राहत नाही.

पहिला मुद्दा आपल्या माणसाचा. महाराष्ट्रातला कुठलाही मोठा ठेव-घोटाळा घ्या आणि पैसा कोणत्या वाटेनं गेला ते पाहा. पॅनकार्ड क्लब्जनं हॉटेलातल्या मुक्कामाच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा केले. शेअर बाजाराचा नियामक असलेल्या सेबीनं २०१६ मध्ये ते परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा रक्कम होती ७,०३५ कोटी रुपये आणि गुंतवणूकदार होते पन्नास लाखांहून जास्त. एवढे लोक जाहिरात पाहून आले नव्हते. गावोगावच्या एजंटांनी त्यांना आणलं होतं, आणि ते एजंट कोणाचे तरी शेजारी, सोयरे, सहकारी होते. पुण्यात बांधकाम उद्योजक डीएसकेंकडे ठेवी ठेवणाऱ्यांत निवृत्त माणसं मोठ्या संख्येनं होती. ठेवी परत मिळत नाहीत म्हणून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला, २०१८ मध्ये अटक झाली. त्या ठेवीदारांनी ताळेबंद वाचून पैसे ठेवले होते की मराठी उद्योजक, आपला माणूस म्हणून? दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानानं खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला परतावा देऊ केला, नवे लोक आणणाऱ्याला वर बक्षीस दिलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानाला टाळं लागलं. त्या प्रकरणात फिर्याद देणारा भाजीविक्रेता होता. या सगळ्या योजना ओळखीवरच वाढल्या. ओळख हे फसवणुकीपासून संरक्षण असतं, तर यातली एकही योजना पहिल्या चाळीपलीकडे गेली नसती.

यावर उत्तर मिळतं की त्या एजंटांनाही ठाऊक नव्हतं, त्यांचेही पैसे बुडाले. अगदी बरोबर, आणि माझा आक्षेप नेमका तिथंच आहे. तुमचा मावसभाऊ लबाड आहे असं मी म्हणतच नाही. तो सज्जन असेल, त्यानं स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे पैसेही तिथंच ठेवले असतील. प्रश्न त्याच्या नियतीचा नाही, त्याला काय कळतं याचा आहे. आठवड्याला मिळणारा परतावा कुठल्या धंद्यातून येतो, हे विचारायची समज त्याला होती का? सज्जन माणसाच्या अज्ञानानं बुडालेला रुपया लबाडानं बुडवलेल्या रुपयापेक्षा लवकर परत येतो का?

ओळखीचा दुसरा तोटा तर बोलूनही दाखवला जात नाही. ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. यात तुला किती मिळतात, हे साडूला कोण विचारणार? आणि पैसे बुडाले तर तक्रार करायची कोणाविरुद्ध? पोलीस चौकीत मामेभावाचं नाव लिहून द्यायचं? सोयरीक तुटेल, आईला काय वाटेल, लोक काय म्हणतील, या भीतीनं कितीतरी घरं तोंड दाबून बसतात. ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या हाती आयुष्याची पुंजी देण्याला आपण विश्वास म्हणतो. मी त्याला संकोच म्हणतो, आणि संकोचाच्या भरवशावर म्हातारपण काढता येत नाही.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. पंचवीस वर्षं लाइनीत आहेत, हे मान्य. पण कुठल्या लाइनीत? विकण्याच्या की सल्ला देण्याच्या? विमा एजंट होण्यासाठी दहावी उत्तीर्ण असणं, थोड्या तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा पुरते. विक्रीच्या कामासाठी ते पुरेसं आहे. जिथं कुठल्याही कंपनीचं कार्यालय पोचलं नाही अशा वाड्यावस्त्यांवर या एजंटांनीच विमा नेला, त्या श्रमांबद्दल मला आदर आहे. पण विमा विकण्याचा परवाना म्हणजे संसाराच्या पैशाचं नियोजन करण्याची पात्रता नव्हे, आणि पंचवीस वर्षं विक्री केल्यानंही ती येत नाही.

आपल्या घरांतल्या फायली उघडा. वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता भरून घेतलेली बचत-विम्याची पॉलिसी जवळपास प्रत्येक कपाटात सापडेल. तिचं विमाकवच असतं साधारण दहा लाखांच्या आसपास. घरखर्च वर्षाला सहा लाखांचा असेल तर कमावता माणूस गेल्यावर ते पैसे दोन वर्षंही पुरत नाहीत. तिशीतल्या निरोगी, निर्व्यसनी माणसाला त्याहून कितीतरी कमी हप्त्यात एक कोटीचा मुदत विमा मिळतो. हे पंचवीस वर्षांच्या अनुभवी माणसानं सांगितलं का? नसेल, तर त्याला ठाऊक नव्हतं किंवा सांगण्यात त्याचं हित नव्हतं. या दोन्हींपैकी कोणत्या कारणासाठी त्याला सल्लागार म्हणायचं?

शिवाय पैशाचे नियम बदलत राहतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली. शेअर्सवर नॉमिनी म्हणून लावलेली व्यक्ती त्यांची मालक होत नाही, वारसाहक्क वारसांकडेच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. हे माहीत नसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून मृत्युपत्राऐवजी नॉमिनेशनवर विसंबलेली कुटुंबं पुढं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पात्रता म्हणजे एकदा दिलेली परीक्षा एवढंच नसतं. बदलत्या नियमांशी गाठ ठेवण्याचं, परीक्षा पुन्हा देण्याचं बंधन त्या पात्रतेबरोबर येतं. नुसत्या अनुभवावर असं कुठलंच बंधन नसतं.

तिसरा मुद्दा फुकटाचा, आणि माझ्या मते सर्वांत महागाचा. फुकट सल्ला देणाऱ्याचं घर कशावर चालतं? पारंपरिक विमा पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशनमध्ये जातो. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर योजनेत वितरकाचं कमिशन तुमच्याच पैशातून दरवर्षी वजा होत राहतं. पावती फाडली जात नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. याच फंडांच्या कमिशनविरहित डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. अनेक इक्विटी फंडांत दोन्हींच्या खर्चातला फरक अर्धा ते एक टक्का असतो. एक टक्का म्हणजे काय ते मांडून पाहा. २५ लाख रुपये वीस वर्षं ९ टक्क्यांनी वाढले तर सुमारे १ कोटी ४० लाख होतात. १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे १ कोटी ६८ लाख. एका टक्क्याचा फरक २८ लाखांचा, म्हणजे मूळ रकमेपेक्षाही जास्त. असा असतो फुकटचा सल्ला.

सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार फी घेतो, उघडपणे घेतो, लेखी करार करून घेतो. ठरावीक रकमेची फी असेल तर तिला कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे, आणि ज्या ग्राहकाकडून तो सल्ल्याची फी घेतो त्याच ग्राहकाला वस्तू विकून कमिशन घ्यायला कायद्यानं मनाई आहे. आपण वीस हजारांच्या दिसणाऱ्या फीला लूट म्हणतो आणि न दिसणाऱ्या लाखोंना माणुसकी. जो तुमच्याकडून पैसे घेतो तो तुमचं काम करतो. जो कंपनीकडून घेतो तो कंपनीचं करतो. एवढं साधं व्यवहारज्ञान पैशाच्याच बाबतीत आपण का गुंडाळून ठेवतो?

चौथा मुद्दा बँकेचा. बँकेतल्या माणसावर लोकांचा भरवसा असतो, कारण समोर काउंटर असतो, मागं मोठं नाव असतं. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे शून्यावर आणले गेले. सेबीनं एप्रिल २०२१ च्या आदेशात नोंदवलं की हे जोखमीचे रोखे सामान्य ग्राहकांना त्यांचं स्वरूप नीट न सांगता विकले गेले, आणि काही ग्राहकांनी आपल्या मुदत ठेवी मोडून ते घेतले. बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. या प्रकरणाचे वाद पुढं वरच्या न्यायालयांत गेले. पण ठेवी मोडणाऱ्या ग्राहकाला त्या क्षणी काय वाटलं होतं? बँकेतला साहेब सांगतोय, म्हणजे मुदत ठेवीसारखंच असेल. त्या साहेबाला महिन्याचं टार्गेट असतं, हे त्याच्या टेबलावर कुठंही लिहिलेलं नसतं. विमा आणि फंड विकणारी बँक तिथं विक्रेत्याच्याच भूमिकेत असते. इमारत कितीही मोठी असली तरी त्यानं सल्ला निष्पक्ष होत नाही, आणि तो साहेब दोन वर्षांनी बदली होऊन गेल्यावर जाब कोणाला विचारणार?

पाचवा मुद्दा यूट्यूबचा. 'बाप ऑफ चार्ट' या नावानं शेअर बाजाराचे धडे देणाऱ्या मोहम्मद नसिरुद्दीन अन्सारीवर सेबीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. नोंदणी नसताना शिक्षणाच्या नावाखाली सल्ला देऊन गोळा केलेले १७ कोटी २० लाख रुपये जमा करायला सांगितलं. त्या आदेशातली दुसरी नोंद प्रत्येकानं लक्षात ठेवावी. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात खुद्द त्यालाच बाजारात २ कोटी ८९ लाखांचा निव्वळ तोटा झाला होता. लाखो लोक ज्याला गुरू मानत होते त्याच्या कामगिरीची तपासणी कोणी केली होती? प्रेक्षकांनी नाही, कारण त्यांच्याकडे तसं साधनच नव्हतं. ती तपासणी झाली नियामकानं दप्तर उघडल्यावर.

फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, हा सेबीच्याच अभ्यासाचा निष्कर्ष आहे. एवढ्या लोकांना माहिती कमी पडली होती का? माहितीचा तर पूर होता. नव्हता तो त्यांचं वय, कर्ज, पगार आणि घरातलं आजारपण विचारून "तुम्ही या वाटेला जाऊ नका" असं सांगणारा माणूस. नोंदणीकृत सल्लागारावर नेमकं हेच बंधन आहे : ग्राहकाची जोखीम पेलण्याची ताकद तपासायची, सल्ला त्याला योग्य का आहे याचा आधार लिहून ठेवायचा, दप्तर पाच वर्षं जपायचं. कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला समोरचा कर्जात आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नसतं.

आता सहावा मुद्दा, ज्यावर सगळे विसंबतात. डिग्रीवालेही फसवतात. हो, काही फसवतात. सेबी दरवर्षी नोंदणीकृत मंडळींवरही कारवाई करते. पण यातून सिद्ध काय होतं? रिक्षाचालकाकडे बिल्ला असतो म्हणून तो भाडं नाकारणार नाही याची खात्री नसते. तरीही बिल्ला लागतो, कारण त्यानं नाकारलं तर नंबर टिपून तक्रार करता येते आणि परवाना त्याच्या हातातून जाऊ शकतो. पात्रता आणि नोंदणी यांचं मोल याच जागी आहे. नोंदणीकृत सल्लागार चुकला तर सेबीच्या स्कोअर्स प्रणालीवर तक्रार जाते, ऑनलाइन तंटा निवारणाची सोय आहे, दंड होतो, नोंदणी रद्द होते आणि त्याची उपजीविका बंद होते. नोंदणी नसलेला चुकला तर काय? आर्थिक गुन्हे शाखेत खेटे, ठेवीदारांच्या संरक्षणासाठीच्या १९९९ च्या एमपीआयडी कायद्याखाली मालमत्तेची जप्ती, लिलाव, आणि वर्षानुवर्षं तारखा. कितीतरी ठेवीदार पैसे परत येण्याआधी जग सोडून जातात. पहिल्या वाटेत दोष आहेत म्हणून दुसरी वाट धरायची, हा कुठला हिशेब?

यावर कोणी विचारेल, मग कुठलाही कागद चालेल का? मुळीच नाही. सगळी प्रमाणपत्रं एका तराजूत टाकणं हाही आळसच आहे. चार्टर्ड अकाउंटंटचं शिक्षण लेखापरीक्षण आणि कराचं असतं. म्युच्युअल फंड वितरकाचा एआरएन क्रमांक फंड विकण्याचा असतो. विमा एजंटाचा परवाना विमा विकण्याचा. सीएफपी ही आर्थिक नियोजनाच्या ज्ञानाची कसोटी आहे. आणि सेबीची गुंतवणूक सल्लागार नोंदणी, जिचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, ती सल्ला देण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. २०१३ च्या नियमांनी या सल्लागारावर ग्राहकाच्या हिताचा विश्वस्त म्हणून वागण्याचं आणि स्वतःचे हितसंबंध उघड करण्याचं बंधन घातलं. २०२० पासून वितरकांना स्वतःला 'वेल्थ ॲडव्हायझर' म्हणवून घ्यायलाही बंदी आहे. २०२४ च्या अखेरीस सेबीनं शिक्षणाची अट पदव्युत्तरवरून पदवीवर आणली, तरी एनआयएसएमची परीक्षा, नोंदणी आणि हे विश्वस्तपण तसंच ठेवलं. नियामकाच्या लेखीही पदवीपेक्षा उत्तरदायित्व वरचढ आहे.

शेवटी एक पळवाट सांगितली जाते : असे सल्लागार आहेतच किती, आणि हिंगोलीत किंवा गडचिरोलीत ते कुठं शोधायचे? संख्या थोडी आहे, देशभरात हजाराच्या आसपास, आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. पण ती थोडी का आहे? आपण सल्ल्याला पैसे मोजायला तयार नाही म्हणून. नोंदणी देशभर चालते, व्हिडिओ कॉलवर सल्ला मिळतो. निवृत्तीची रक्कम हातात आल्यावर एकदा, आयुष्यात फक्त एकदा फी देऊन आराखडा करून घेणंही ज्याला जड वाटतं, तो तीच रक्कम ओळखीवर पणाला लावायला मात्र एका चहात तयार होतो. आणि सल्लागार मिळेपर्यंत विक्रेत्याशीच व्यवहार करायचा असेल, तर निदान तो विक्रेता आहे हे ओळखून करा. त्याच्याकडून वस्तू घ्या, आयुष्याची दिशा घेऊ नका.

म्हणून यापुढं कोणी पैशाचा सल्ला द्यायला बसला, मग तो सख्खा भाऊ का असेना, त्याला चार गोष्टी विचारा. तुमचा नोंदणी क्रमांक काय? तुम्हाला पैसे कोण देतं? हे मलाच योग्य का, ते लिहून द्याल का? चुकलात तर मी तक्रार कुठं करायची? क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो. ठरावीक परताव्याची हमी देणारा, गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात मागणारा माणूस तिथल्या तिथं उठवून लावा. या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्यानं स्वतःच आपली लायकी सांगितली असं समजा.

माणूस ओळखीचा असू दे, प्रेमाचा असू दे, रोज घरी चहाला येणारा असू दे. त्यानं त्याला पैशाचा सल्ला देण्याचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार ज्ञान तपासून, नाव नोंदवून आणि चुकीची शिक्षा भोगायची तयारी दाखवून कमवावा लागतो. ज्यानं तो कमावलेला नाही त्याचं ऐकणं हा भोळेपणाही नाही. तो घरातल्या म्हाताऱ्यांवर, बायकांवर आणि मुलांवर आपण स्वतःच्या हातानं केलेला अन्याय आहे, आणि तो थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.